आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या: कुठला संच घ्यावा आणि कुठला दुकानातच ठेवावा

आगमनकाळ म्हणजे नाताळची वाट पाहण्याचे, चार रविवारांचे आठवडे. नोव्हेंबर सरत आला की चर्चच्या आवारातल्या स्टॉलवर, धर्मसाहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइनही आगमनचक्राचे संच दिसू लागतात. तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी, कधी मधोमध एक पांढरी आणि खाली हिरव्या पानांचं कडं. बोलताना आपण सरळ 'ॲडव्हेंट रीथ' म्हणतो. दिसायला सगळे संच सारखेच वाटतात. पण त्यातले बरेचसे टेबलावर मांडून शोभेसाठी बनलेले असतात. रोज संध्याकाळी वीस मिनिटं पेटवून त्यांच्यापुढे कुटुंबाने प्रार्थना करायची म्हटली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच ते मान टाकतात. इथे संच पारखला आहे तो फक्त त्या वीस मिनिटांच्या कसोटीवर.

आधी हिशेब. दर रविवारी एक नवी मेणबत्ती पेटते आणि आधीच्याही रोज तिच्याबरोबर जळतात. २०२६ मध्ये आगमनकाळाचा पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे, पुढचे तीन ६, १३ आणि २० डिसेंबरला. पहिली मेणबत्ती २४ डिसेंबरपर्यंत २६ संध्याकाळी पेटणार, दुसरी १९, तिसरी, म्हणजे गुलाबी, १२ आणि चौथी फक्त ५. वीस मिनिटांच्या हिशेबाने पहिली ८ तास ४० मिनिटं जळते, दुसरी ६ तास २० मिनिटं, तिसरी ४ तास आणि चौथी १ तास ४० मिनिटं. म्हणजे नाताळच्या आदल्या रात्री चक्रावर चार वेगवेगळ्या उंचीच्या मेणबत्त्या उभ्या असल्या पाहिजेत: एक जवळजवळ संपलेली, एक नवी कोरी वाटावी अशी आणि मधल्या दोघी पायऱ्यांसारख्या. आगमनकाळाचं हे खरं कॅलेंडर. वाट पाहण्यात किती दिवस गेले ते भिंतीवरच्या तारखेपेक्षा या उंचीवरून घरातल्या लहान मुलालाही कळतं. जो संच ही उतरंड दाखवत नाही, तो कितीही देखणा असला तरी आमच्या मते कामाचा नाही.

मुळात हे चक्र दिवस मोजायलाच जन्माला आलं. जर्मनीतल्या हॅम्बुर्गजवळ 'राउएस हाउस' नावाच्या मुलांच्या आश्रमात योहान हिन्रिश विशर्न या धर्मसेवकाने १८३९ मध्ये गाडीच्या जुन्या चाकावर २० लहान तांबड्या आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या, कारण नाताळ किती दिवसांवर आला हे मुलं सारखी विचारत असत. त्या वर्षी पहिला रविवार १ डिसेंबरला होता, म्हणून चोवीस. पुढे चारच मेणबत्त्या राहिल्या, हिरवी पानं आली आणि प्रोटेस्टंट घरांतून हे चक्र कॅथलिक चर्चमध्येही पोचलं. जांभळा आणि गुलाबी हे रंग कॅथलिक उपासनेच्या वस्त्रांचे. जर्मनीत आजही चारही मेणबत्त्या लाल दिसतात, काही अँग्लिकन परंपरांत निळ्या असतात. त्यामुळे जांभळा रंग मिळाला नाही म्हणून अडून बसू नये. चार पांढऱ्या मेणबत्त्यांना तीन जांभळ्या आणि एक गुलाबी फीत बांधली तरी अर्थाला काही उणं येत नाही. फीत मात्र अगदी बुंध्याशी बांधा आणि मेणबत्ती चार बोटं उरली की सोडून टाका.

हॅम्बुर्गला डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो, दुपारी चारला अंधार पडतो. आपल्याकडे तसं नाही. मुंबई-वसईत सर्वांत लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो आणि सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटी, सहाच्या सुमाराला. पण खरी अडचण सूर्याची नाहीच, ट्यूबलाइटची आहे. आपल्या घरात अंधार आपोआप येत नाही, तो करावा लागतो. दिवे, टीव्ही बंद आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. एवढं केल्याशिवाय एका मेणबत्तीचा प्रकाश डोळ्यांना जाणवतच नाही, आणि अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा प्रकाश दिसला हे बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातलं वचन नुसतं कानावरून जातं.

आता संचांकडे वळू.

सर्वांत जास्त खपतो तो जाड मेणबत्त्यांचा संच, सात-साडेसात सेंटिमीटर व्यासाचा. भक्कम दिसतो, भेट द्यायला बरा वाटतो. घरच्या प्रार्थनेला मात्र हाच सर्वांत जास्त दगा देतो. जाड मेणबत्तीचं मेण वातीपासून कडेपर्यंत वितळायला दर अडीच सेंटिमीटर व्यासामागे साधारण एक तास लागतो, म्हणजे हिला अडीच-तीन तास हवेत. वीस मिनिटांत वातीभोवती रुपयाएवढंच तळं होतं. रोज तेवढंच वितळत गेलं की मध्ये विहीर पडते आणि कडा तशाच उभ्या राहतात. दहा-बारा दिवसांनी ज्योत विहिरीच्या तळाशी जाते, हवा कमी मिळते, ती धुरकट होते आणि वितळलेल्या मेणात बुडून विझते. बाहेरून उंची मात्र तसूभर कमी झालेली नसते. उतरंड दिसतच नाही.

असा संच घरात आलाच असेल तर दर रविवारी निवांत अडीच-तीन तास पेटता ठेवा, जेवणाच्या टेबलावर, कोणीतरी शेजारी बसलेलं असताना. विहीर पडलीच तर ॲल्युमिनियम फॉइल वरच्या कडेभोवती गुंडाळा, मध्ये दोन बोटांएवढं भोक ठेवा आणि तासभर जळू द्या. उष्णता आत अडकते आणि कडा वितळून पातळी सारखी होते. मेणबत्ती विझवल्यावर कडा कोमट आणि मऊ असतानाच अंगठ्याने हलकेच आत दाबल्या, तरी पुढची विहीर टळते.

आमची पसंती आहे ती सरळ, बारीक मेणबत्तीला: बुंध्याशी २ ते २.२ सेंटिमीटर व्यास आणि २५ सेंटिमीटर उंची. हिचं मेण पेटवल्यापासून काही मिनिटांतच कडेपर्यंत वितळतं, त्यामुळे विहिरीचा प्रश्न नाही, आणि ती तासाला साधारण तीन सेंटिमीटर उतरते. उतरंड पहिल्या आठवड्यापासून डोळ्यांना दिसते. हिचं एकच उणं आहे. चांगल्या प्रतीची असली तरी ती सात-आठ तास चालते आणि पहिलीला लागतात ८ तास ४० मिनिटं. म्हणजे १९ ते २२ डिसेंबरच्या दरम्यान पहिली मेणबत्ती संपते, ऐन शेवटच्या आठवड्यात. संच बनवणारे चारच मेणबत्त्या देतात आणि इथेच चुकतात. विकत घेतानाच पाचवी, जांभळी, सुटी मागून घ्या. नाहीतर रोजची प्रार्थना पंधरा मिनिटांची ठेवा. मग पहिलीला साडेसहा तासच लागतात आणि एकीत भागतं.

घेताना दोन गोष्टी हाताने तपासा. बुंध्याच्या तळाकडे बघा. आत पांढरं मेण आणि वर जांभळा थर दिसला तर ती वरून रंगवलेली आहे. हा दोष नाही, उलट चांगलं लक्षण. आरपार गडद रंगाच्या मेणबत्तीत स्वस्त रंगद्रव्य वापरलेलं असेल तर त्याचे कण वातीत अडकतात, वात मेण नीट ओढत नाही आणि ज्योत दिवसागणिक लहान होत जाते. 'मेणबत्ती चांगली जाडजूड आहे, तरी ज्योत मिणमिणती का?' याचं उत्तर पुष्कळदा हेच असतं. दुसरं म्हणजे वास घेऊन बघा. जांभळ्यात लॅव्हेंडर आणि गुलाबीत गुलाब घालायची हौस हल्ली फार वाढली आहे. सुगंधी तेलाने काजळी वाढते, बंद खोलीत दम्याच्या माणसाला त्रास होतो, आणि डोळे मिटून बसल्यावर सगळं लक्ष त्या वासाकडे जातं. बिनवासाचीच घ्या. जांभळा रंग उन्हात फार लवकर फिकटतो, खिडकीशी ठेवलेली मेणबत्ती राखाडी निळसर पडते. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात ठेवलेला नमुना घेऊ नका, आतल्या खोक्यातला मागा.

मेणाचं म्हणाल तर बाजारात जास्त करून पॅराफिनच असतं आणि या कामाला ते पुरतं. फक्त ते वितळायच्या बरंच आधी मऊ पडतं. डिसेंबरातही दुपारी मुंबईचा पारा तिशीच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीत किंवा पश्चिमेच्या खिडकीत बारीक मेणबत्ती वाकते. वाकलीच तर सहन होईल इतक्या कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवा, सपाट पाटावर लाटल्यासारखी फिरवा आणि आडवी ठेवून थंड होऊ द्या. मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती ६२ ते ६४ अंशांवर वितळते, म्हणून आपल्या हवेत ताठ उभी राहते, सावकाश जळते आणि फार कमी ओघळते. महाग पडते, पण खर्च करायचाच असेल तर इथे करावा. तिच्यावर पांढुरकी साय आली तर ती बुरशी नव्हे, मऊ फडक्याने पुसली की जाते. सोया मेणाच्या मेणबत्त्या काचेच्या ग्लासातच बऱ्या. ते मेण मऊ असतं, उभ्या मेणबत्तीला लागणारा ताठपणा त्याला नाही, आणि ग्लासात उतरंडही दिसत नाही.

स्टँडकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि अपघात तिथेच होतात. लाकडी कड्याला नुसती भोकं पाडलेला स्टँड घेऊच नका. मेणबत्ती शेवटच्या बोटभर उंचीवर आली की ज्योत लाकडाला भिडते. भोकात पत्र्याची किंवा पितळेची वाटी बसवलेली हवी. भोक सैल असेल तर कागद कोंबू नका, फॉइलची पट्टी गुंडाळा. घट्ट असेल तर मेणबत्तीचा बुंधा मिनिटभर गरम पाण्यात धरून मग दाबा, तासत बसू नका. जाड मेणबत्तीसाठी खिळ्याचा स्टँड असेल तर खिळा आधी गरम करा, नाहीतर मेणबत्तीला उभी चीर जाते.

कड्याचा आकारही बघा. तीस सेंटिमीटर व्यासाच्या कड्यावर शेजारच्या दोन मेणबत्त्यांत वीसेक सेंटिमीटरचं अंतर राहतं, ते छान. बारा सेंटिमीटरच्या गोंडस कड्यावर ते साडेआठवर येतं आणि मधली पांढरी तर सहाच सेंटिमीटरवर. मेणबत्त्या एका रांगेत लावायच्या सरळ पट्टीवर काही वेळा पाचच सेंटिमीटर असतं. पहिल्या आठवड्यात काही बिघडत नाही. तिसऱ्या आठवड्यात मात्र पहिलीची ज्योत उतरून शेजारणीच्या कमरेपाशी येते, तिच्या आचेने शेजारची बाजूने वितळते आणि झुकते. झुकलेली मेणबत्ती ओघळते, ओघळ पानांवर पडतो आणि पेट घ्यायला तेवढं पुरतं. म्हणून पंचवीस सेंटिमीटरपेक्षा लहान कडं नको. घरात असलेली पितळी परात किंवा स्टीलचं काठाचं ताट, त्यात बोटभर वाळू आणि वाळूत चार छोट्या वाट्या, हा स्टँड विकतच्या कुठल्याही संचापेक्षा सुरक्षित आहे.

हिरवाईसाठी फरची फांदी शोधत फिरू नका. मोरपंखी उत्तम, आठवडाभर हिरवी राहते. कोकण किनाऱ्यावर सुरूचा पाला भरपूर मिळतो आणि दिसतोही सुरेख, पण तीन-चार दिवसांत वाळतो, आणि वाळलेला सुरू काडीसारखा भडकतो. तो दर शनिवारी आणि बुधवारी बदला. पानं बोटांत चुरगळून बघा, कुरकुर वाजली की टाकून द्या. प्लास्टिकची हिरवाई ज्योतीपासून किमान चार बोटं खाली ठेवा. पहिल्या मेणबत्तीभोवतीची तर शेवटच्या आठवड्यात काढूनच टाका.

पंखा बंद. हे वेगळं लिहायचं कारण असं की आपल्याकडे डिसेंबरातही तो फिरत असतो, आणि मेणबत्ती एकाच बाजूने ओघळते, काजळी धरते ती बहुतेक वेळा वाऱ्यानेच. दोष मेणबत्तीला दिला जातो. वात रोज पेटवण्याआधी पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापा. विझवताना फुंकर मारली की मेणाचे थेंब उडतात आणि खोली धुराने भरते. वाकवलेल्या तारेने वात वितळलेल्या मेणात बुडवा आणि लगेच उभी करा. धूर येत नाही आणि वात दुसऱ्या दिवशीसाठी मेण पिऊन तयार राहते.

बॅटरीच्या मेणबत्त्यांबद्दल नेहमी विचारलं जातं. घरात ऑक्सिजनवर असलेला रुग्ण असेल, वसतिगृहात किंवा रुग्णालयात राहायचं असेल, एकट्या वृद्धाच्या हाताला कंप असेल, तर बॅटरीचीच घ्या आणि मनात किंतु आणू नका. ऑक्सिजनजवळ उघडी ज्योत म्हणजे जिवाशी खेळ. घेताना पेन्सिल सेलवर चालणारी घ्या. बटण सेलची नको, लहान मुलाने तो गिळला तर अन्ननलिका भाजून निघते. तिची एक उणीव मात्र भरून काढावी लागते: ती उतरत नाही. उपाय सोपा आहे. पहिल्या मेणबत्तीखाली काही नाही, दुसरीखाली एक लाकडी ठोकळा, तिसरीखाली दोन, चौथीखाली तीन.

संचासोबत येणाऱ्या प्रार्थनापुस्तिका बहुतेक निराश करतात. मराठी संचातही मजकूर पुष्कळदा इंग्रजी असतो, आणि मराठी असला तर अक्षर इतकं बारीक की मेणबत्तीच्या उजेडात वाचताच येत नाही. पुस्तिका न मिळाली तरी बिघडत नाही. चार रविवारची शास्त्रवचनं पुरेशी आहेत. २०२६ च्या आगमनकाळापासून कॅथलिक उपासनेत, वाचनांच्या तीन वर्षांच्या फेरीतलं, 'ब' वर्ष सुरू होतं. पहिल्या रविवारी मार्क १३ मधलं जागे राहण्याचं सांगणं, दुसऱ्या रविवारी यशया ४० आणि मार्क १ ची सुरुवात, तिसऱ्या रविवारी योहान १ मधली बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाची साक्ष आणि चौथ्या रविवारी लूक १ मधला मरियेला मिळालेला देवदूताचा निरोप. गुलाबी मेणबत्तीच्या संध्याकाळी योहानाविषयीचं ते वाक्य सावकाश वाचा: तो स्वतः प्रकाश नव्हता, प्रकाशाविषयी साक्ष द्यायला आला होता. समोर जळत असलेल्या मेणबत्तीलाही ते तंतोतंत लागू पडतं.

वीस मिनिटं अशी वापरता येतात. दिवे बंद करून दोन मिनिटं नुसतं अंधारात बसा, कोणी बोलायचं नाही. ही दोन मिनिटं गाळायचा मोह फार होतो, तो टाळा. मग घरातल्या सर्वांत लहान मुलाने, मोठ्याने हात धरून, आधी पहिली आणि मग क्रमाने पुढची मेणबत्ती पेटवावी. एक वचन, पाच मिनिटं शांतता, एक गीत, आणि त्या दिवशी ज्यांच्या घरात अंधार आहे त्यांची नावं घेऊन प्रार्थना: आजारी माणूस, नोकरी गेलेला शेजारी, ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो भाऊ. शेवटी प्रभूची प्रार्थना. रोझरीची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची, सवय असलेल्या घरांनी तिचा पहिला भाग, पहिलं रहस्य, मेणबत्तीच्या उजेडात म्हणावं आणि मग दिवा लावून पुढची. १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी चर्चच्या प्राचीन प्रथेप्रमाणे ख्रिस्ताला रोज एका वेगळ्या नावाने हाक मारतात, आणि २१ तारखेचं नाव आहे 'उगवता सूर्य'. उत्तर गोलार्धातला सर्वांत लहान दिवस याच सुमाराला येतो. त्या संध्याकाळी अंधाराची दोन मिनिटं पाच करा.

पहिल्या आठवड्यात हातभर अंतरावरच्या एका मेणबत्तीच्या उजेडात शास्त्राचं पान वाचणं जड जातं. पण तेवढ्यासाठी मोबाइलचा टॉर्च लावू नका. वचन दिवे घालवण्यापूर्वी दोनदा वाचून ठेवा आणि अंधारात आठवेल तसं म्हणा. चौथ्या आठवड्यात चार ज्योती झाल्या की मोठ्या अक्षराचं पान जवळ धरून वाचता येतं. हा फरक मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

नाताळनंतर उरलेले तुकडे फेकू नका. २ फेब्रुवारीला, प्रभूच्या समर्पणाच्या सणाला, चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला जातो. चांगली उरलेली तेव्हा घेऊन जा. बाकीच्या सुती फडक्यात गुंडाळून कपाटाच्या खालच्या कप्प्यात आडव्या ठेवा. माळ्यावर ठेवल्या तर मे महिन्यात त्यांचा विळा होतो. चौथी मेणबत्ती पाचेक सेंटिमीटरच जळलेली असते. ती पुढच्या वर्षीही चौथ्या जागीच लावा. वीस सेंटिमीटरची ती, आणि तोवर आठवडाभर जळून अठरावर आलेली गुलाबी. चक्रावर तीच सर्वांत उंच ठरते.